रात्री दहानंतरचं वायफाय : घरच्या राउटरला काय जमतं, काय जमत नाही



आजचा विषय जवळजवळ प्रत्येक घरातला आहे. मुलाच्या हातातून मोबाईल काढून घेतला तर भांडण होतं, आणि नाही काढला तर रात्रीचे बारा वाजतात. पुण्यातल्या घरात हे जसं होतं तसंच इंदूरला, बडोद्याला, बेळगावला, हैदराबादला, बंगळुरूलाही होतं. यावर उपाय म्हणून बहुतेक जण एखादं ॲप शोधतात. पण घराच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या मागे किंवा दाराच्या वर, लुकलुकणारा एक डबा आधीपासूनच बसवलेला असतो. घरातलं सगळं वायफाय त्यातूनच जातं. तो डबा म्हणजे राउटर.

या भागात आपण तीन गोष्टी बघणार आहोत. राउटरवर मुलांसाठी वेळ कशी लावायची, नको त्या साइट्स कशा अडवायच्या, आणि राउटरचा हात कुठे पोचत नाही. यातली तिसरी गोष्ट नीट ऐका, कारण पालकांची फसगत तिथेच होते.

आधी एक गोष्ट मान्य करूया. 'इंटरनेटच बंद करून टाका' हा सल्ला आता चालत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि मोबाईल डेटा स्वस्त झाला. २०२० च्या लॉकडाउनमध्ये शाळाच मोबाईलवर आली. शाळा परत वर्गात गेली, पण गृहपाठाचा फोटो, प्रोजेक्टची माहिती, क्लासचं वेळापत्रक हे सगळं मोबाईलवरच राहिलं. त्यामुळे आपल्याला नळ तोडायचा नाही. नळाला तोटी बसवायची आहे.

राउटर म्हणजे सोसायटीचा वॉचमन

राउटरचं काम समजून घ्यायला सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन डोळ्यांसमोर आणा. कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, किती वाजता गेलं, हे त्याला माहीत असतं. पार्सल कुठल्या दुकानातून आलं हेही त्याला दिसतं, कारण खोक्यावर नाव असतं. पण खोक्यात काय आहे हे त्याला कळत नाही. खोकं सीलबंद असतं.

राउटरचंही अगदी तसंच. कुठला फोन केव्हा जोडला गेला, किती डेटा वापरला, कुठल्या साइटकडे गेला, हे त्याला साधारणपणे कळतं. पण आजच्या जवळजवळ सगळ्या साइट्स एचटीटीपीएस वापरतात. म्हणजे मजकूर सीलबंद जातो. मुलगी यूट्यूबवर गेली एवढं राउटरला कळेल. ती तिथे त्रिकोणमितीचा धडा बघते आहे की कुणाच्या खोड्या, हे त्याला कळणार नाही. व्हॉट्सॲपवर कोणाशी काय बोलणं चाललंय, तेही कळणार नाही.

एवढं लक्षात ठेवलं की राउटरकडून कुठल्या अपेक्षा ठेवायच्या आणि कुठल्या नाही हे आपोआप स्पष्ट होतं. वॉचमनला गेट बंद करायची वेळ सांगता येते. अमुक दुकानाचा माणूस आत सोडू नको, असंही सांगता येतं. मुलगा चांगला वागतोय की नाही, हे मात्र त्याला विचारण्यात अर्थ नाही.

राउटरच्या आत कसं जायचं

राउटर हातात घ्या आणि उलटा करा. खाली किंवा मागे एक स्टिकर असतो. त्यावर वायफायचं नाव, त्याचा पासवर्ड, राउटरचा पत्ता आणि लॉगिनचं नाव छापलेलं असतं. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. जिओफायबरच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.२९.१ असतो. घरच्या वायफायला जोडलेल्या फोनवर किंवा लॅपटॉपवर ब्राउझर उघडा आणि वरच्या पट्टीत हा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाइप करा. लॉगिनचं पान उघडेल. बऱ्याच कंपन्यांची मोबाईल ॲप्सही आहेत. टीपी-लिंकच्या राउटरसाठी टेदर नावाचं ॲप आहे. ॲप असेल तर तेच वापरा, ते सोपं पडतं.

आत गेल्यावर सगळ्यात आधी ॲडमिन पासवर्ड बदला. हा वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो, आणि इथे खूप जण गोंधळतात. वायफायचा पासवर्ड म्हणजे इमारतीत शिरायची किल्ली. ॲडमिन पासवर्ड म्हणजे वॉचमनला हुकूम द्यायचा अधिकार. तो स्टिकरवर छापलेलाच ठेवला तर आठवीतला कुठलाही मुलगा राउटर उलटा करेल आणि तुम्ही लावलेले नियम पाच मिनिटांत काढून टाकेल.

दुसरं म्हणजे, राउटरला मागे एक बारीक छिद्र असतं. त्यात रिसेटचं बटण असतं. टाचणीने ते काही सेकंद दाबून धरलं की राउटर कारखान्यातून आला तसा होतो आणि तुमचे सगळे नियम पुसले जातात. बऱ्याच जोडण्यांमध्ये त्याबरोबर कंपनीचं लॉगिनही जातं आणि अख्ख्या घराचं नेट बंद पडतं. म्हणून कंपनीने दिलेलं यूजरनेम आणि पासवर्ड एका वहीत लिहून ठेवा. आणि मुलांना आधीच सांगून ठेवा, की हे बटण दाबलं तर बाबांची मीटिंग आणि आजीची मालिका दोन्ही बंद पडतील.

पहिलं काम : घरात कोण कोण जोडलंय

राउटरमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी दिसते. कुठे तिला 'कनेक्टेड डिव्हाइसेस' म्हणतात, कुठे 'क्लायंट्स'. ही यादी पहिल्यांदा बघितली की बहुतेकांना आश्चर्य वाटतं. चार माणसांच्या घरात बारा-पंधरा उपकरणं सहज निघतात. फोन, जुना फोन, टॅब, लॅपटॉप, टीव्ही, कॅमेरा, स्पीकर. कधी शेजारच्यांचा फोनही त्यात असतो, कारण दिवाळीत कुणीतरी त्यांना पासवर्ड सांगितलेला असतो.

एकेका उपकरणाला ओळखू येईल असं नाव द्या. 'आईचा फोन', 'हॉलचा टीव्ही', 'ताईचा टॅब'. ओळखता न येणारं उपकरण असेल तर वायफायचा पासवर्ड बदला आणि घरातली उपकरणं एकेक करून पुन्हा जोडा. वेळ जातो, पण यादी स्वच्छ होते.

इथे एक तांत्रिक अडचण येते. राउटर प्रत्येक उपकरणाला त्याच्या मॅक ॲड्रेसवरून ओळखतो. मॅक ॲड्रेस म्हणजे गाडीची नंबरप्लेट समजा. पण ॲन्ड्रॉइड १० पासूनचे आणि आयओएस १४ पासूनचे फोन खरी नंबरप्लेट दाखवत नाहीत. ते प्रत्येक वायफायसाठी एक बनावट नंबर तयार करतात. बाहेर, मॉलमध्ये किंवा स्टेशनवर, हे चांगलंच आहे, कारण तुमचा माग काढता येत नाही. पण घरी त्यामुळे घोटाळा होतो. हा नंबर बदलला की राउटरला तो नवाच फोन वाटतो, आणि त्या फोनला कुठलाच नियम लागू होत नाही.

म्हणून मुलाच्या फोनवर फक्त घरच्या वायफायपुरती ही सोय बंद करा. ॲन्ड्रॉइडमध्ये त्या वायफायच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी'खाली 'यूज डिव्हाइस मॅक' निवडायचं. आयफोनमध्ये 'प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस' बंद करायचं. वेळ लावण्याआधी हे केलं नाही, तर पुढे 'राउटर ऐकतच नाही' असं वाटत राहील.

दुसरं काम : वेळ

आता मुख्य गोष्ट. राउटरमध्ये 'पॅरेंटल कंट्रोल' किंवा 'ॲक्सेस शेड्यूल' नावाचा भाग शोधा. तिथे मुलाच्या नावाने एक प्रोफाइल करायचं, त्याची उपकरणं त्यात टाकायची, आणि कुठल्या वारी किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत नेट बंद राहील ते ठरवायचं.

आधी राउटरचं घड्याळ तपासा. खूप राउटरमध्ये ते भारतीय वेळेवर लावलेलं नसतं. टाइम झोनमध्ये भारत, म्हणजे अधिक साडेपाच तास, निवडलेलं नसेल तर तुम्ही लावलेले रात्रीचे दहा राउटरच्या हिशेबाने भलत्याच वेळी वाजतील. पहाटे साडेतीनला नेट जातं आणि मध्यरात्री चालू राहतं, असला प्रकार दिसला तर कंपनीला फोन करण्याआधी हे बघा.

मग वेळा ठरवा. सगळ्यांना एकच वेळ लावू नका. तिसरीतल्या मुलीला रात्री साडेआठला नेट बंद चालेल. दहावीतल्या मुलाला दहापर्यंत लागेल. शनिवारी थोडी सूट द्या. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यानुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांचा बसून बघण्याचा स्क्रीनचा वेळ दिवसाला एक तासापेक्षा जास्त नसावा, आणि एक वर्षाच्या बाळाला तो देऊच नये. मोठ्या मुलांसाठी झोप हा सोपा निकष आहे. सकाळी साडेसहाला शाळेसाठी उठायचं असेल, तर आठ-नऊ तास मागे मोजा. त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी नेट बंद व्हायला हवं.

कंपनीने दिलेल्या साध्या राउटरमध्ये एकेका उपकरणाची वेळ लावता येत नसेल, तर दुसरा मार्ग आहे. बहुतेक राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' नावाचं दुसरं वायफाय सुरू करता येतं. मुलांची उपकरणं त्यावर ठेवा, मोठ्यांची मुख्य वायफायवर, आणि मुख्य वायफायचा पासवर्ड बदला. रात्री गेस्ट नेटवर्क बंद करायचं. काही राउटरमध्ये त्याची वेळ आपोआप लावता येते, काहींमध्ये हाताने बंद करावं लागतं. मोठ्यांचं काम चालू राहतं, घराबाहेरचा कॅमेराही चालू राहतो.

तेही जमत नसेल तर वेगळा राउटर विकत घेता येतो. पॅरेंटल कंट्रोल असलेला साधा राउटर साधारण दीड-दोन हजारांत मिळतो. कंपनीच्या डब्यातून केबल काढून नव्या राउटरच्या 'वॅन' लिहिलेल्या खाचेत लावायची, आणि कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद करायचं. हे शेवटचं विसरू नका. जुनं वायफाय चालू राहिलं तर नव्याला बगल देऊन सगळी रहदारी तिकडूनच जाईल.

तिसरं काम : नको त्या साइट्स अडवणं

कुठल्याही साइटचं नाव टाइप केलं की फोन आधी कुणाला तरी विचारतो, 'या नावाचा पत्ता काय?' पत्ता सांगणारी ही व्यवस्था म्हणजे डीएनएस. रेल्वे स्टेशनवरची चौकशीची खिडकीच म्हणा. तिथून पत्ता मिळाला तरच फोन पुढे जातो.

साधारणपणे ही खिडकी तुमच्या इंटरनेट कंपनीची असते. ती बदलून अशी खिडकी लावता येते जी अश्लील आणि धोकादायक साइट्सचा पत्ता सांगतच नाही. ही सोय फुकट मिळते. क्लाउडफ्लेअर या कंपनीने एप्रिल २०२० मध्ये कुटुंबांसाठी अशी सेवा सुरू केली. तिचे आकडे १.१.१.३ आणि १.०.०.३. क्लीनब्राउझिंग या सेवेच्या कौटुंबिक गाळणीचे आकडे १८५.२२८.१६८.१६८ आणि १८५.२२८.१६९.१६८. दोन्हींपैकी एक निवडा. राउटरमध्ये 'डीएनएस' नावाचे दोन रकाने असतात. एकात पहिला आकडा, दुसऱ्यात दुसरा, आणि सेव्ह करा. घरातल्या सगळ्या उपकरणांना एकाच वेळी गाळणी लागते, टीव्हीलासुद्धा.

दोन्हींत फरक आहे. क्लीनब्राउझिंगची कौटुंबिक गाळणी कडक आहे. ती गूगलचा शोध सुरक्षित पद्धतीवर नेते आणि यूट्यूबही मर्यादित स्वरूपात दाखवते. म्हणजे मोठ्यांनाही काही व्हिडिओ दिसणार नाहीत. लहान मुलं असलेल्या घरात हे चालतं. अकरावी-बारावीतली मुलं असतील तर क्लाउडफ्लेअरची गाळणी पुरे. क्लाउडफ्लेअर चालू झालं का हे तपासायला खरोखरची अश्लील साइट उघडायची गरज नाही. 'न्यूडिटी डॉट टेस्टकॅटेगरी डॉट कॉम' ही त्यासाठीच ठेवलेली चाचणीची साइट आहे. ती उघडली नाही तर गाळणी काम करतेय.

आता एक खाच, जी भारतात फार भेटते. इंटरनेटवर पत्त्यांच्या दोन पद्धती आहेत. जुनी आयपीव्ही४ आणि नवी आयपीव्ही६. आपल्याकडे नवी पद्धत बरीच पसरली आहे. तुम्ही जुन्या पद्धतीचे रकाने भरले आणि नव्या पद्धतीचे तसेच ठेवले, तर फोन दुसऱ्या खिडकीवर जाऊन पत्ता विचारून येतो. गाळणी लावूनही सगळं उघडतं, आणि तुम्ही डोकं धरून बसता. म्हणून आयपीव्ही६ चे डीएनएस रकानेही भरा. क्लाउडफ्लेअरसाठी ते आकडे २६०६:४७००:४७००::१११३ आणि २६०६:४७००:४७००::१००३ असे आहेत. काही कंपन्यांच्या डब्यांत हे रकाने बंद करून ठेवलेले असतात. तिथे वेगळ्या राउटरचाच मार्ग राहतो.

फोनमध्येही एक जागा बघा. ॲन्ड्रॉइड ९ पासून सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' असतं, आणि क्रोम, फायरफॉक्ससारख्या ब्राउझरमध्ये 'सिक्युअर डीएनएस'. तिथे कुणी दुसऱ्याच सेवेचं नाव टाकलं असेल तर राउटरची खिडकी वगळली जाते. उलट त्याच जागेचा आपल्याला फायदाही करून घेता येतो, तो पुढे सांगतो.

राउटरचा हात कुठे पोचत नाही

इथपर्यंत केलंत म्हणजे घर सुरक्षित झालं, असं समजू नका.

पहिली आणि सगळ्यात मोठी फट म्हणजे मोबाईल डेटा. मुलाच्या फोनमध्ये सिम असेल आणि त्यावर डेटा असेल, तर त्याने वायफाय बंद केलं की राउटरचा काही संबंध उरत नाही. घरात आईचा फोन हॉटस्पॉट म्हणून चालू झाला, तरी तेच. आपल्याकडे फोनच्या रिचार्जमध्ये रोजचा डेटा येतोच. म्हणून राउटरच्या नियमांबरोबर रिचार्जचाही विचार करा. लहान मुलांना सिम नसलेला टॅब बरा.

दुसरी फट व्हीपीएन. हे ॲप टाकलं की सगळी रहदारी एका बंद नळीतून जाते आणि राउटरला आतलं काही दिसत नाही. डीएनएसची गाळणी तिथे निकामी होते. वेळेचं कुलूप मात्र टिकतं, कारण नेटच बंद असेल तर व्हीपीएनही चालत नाही.

तिसरी, आधी उतरवून ठेवलेले व्हिडिओ आणि गेम्स. ते नेटशिवायही चालतात.

चौथी, ॲपच्या आतलं जग. यूट्यूब उघडं, बंद किंवा फार तर मर्यादित. इन्स्टाग्राम एकतर उघडं, नाहीतर बंद. तिथे अनोळखी माणसाने पाठवलेला मेसेज राउटर अडवू शकत नाही. गेममध्ये कोणाशी गप्पा चालल्यात ते त्याला माहीत नाही.

यासाठी फोनवरचीच साधनं लागतात. ॲन्ड्रॉइडवर गूगलचं फॅमिली लिंक आहे, ॲपलकडे २०१८ पासून स्क्रीन टाइम आहे. दोन्ही फुकट आहेत, आणि मोबाईल डेटावरही काम करतात. कुठली ॲप टाकायची, दिवसाला किती वेळ, हे तिथे ठरवता येतं. अगदी लहान मुलांसाठी यूट्यूबऐवजी यूट्यूब किड्स वापरा. आणि मघाशी सांगितलेल्या 'प्रायव्हेट डीएनएस'च्या जागी कौटुंबिक गाळणीचं नाव टाकलंत, तर ती गाळणी फोनबरोबर घराबाहेरही जाते.

थोडक्यात, राउटर घराची वेळ सांभाळतो आणि उघडी घाण दारातच अडवतो. बाकीचं फोनवर करायचं, आणि त्याहूनही बरंच काही बोलून करायचं.

नियम गुपचूप लावू नका

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो, आणि गाव दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवतं. साडेआठला पुन्हा भोंगा. त्या वेळात मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात, बोलतात. देशभर त्याची बातमी झाली.

त्या गावाकडे राउटरचं कुठलंही तंत्र नव्हतं. मग ते चाललं कशामुळे? माझ्या मते दोन गोष्टींमुळे. भोंगा सगळ्यांना ऐकू येतो, म्हणजे नियम उघड आहे. आणि तो सगळ्यांना लागू आहे, मुलांना आणि मोठ्यांनाही.

राउटर लावताना नेमकं हेच करा. शनिवारी दुपारी मुलांना शेजारी बसवा. राउटरचं पान त्यांच्यासमोर उघडा. काय दिसतं आणि काय दिसत नाही ते सांगा. वेळ त्यांच्याबरोबर ठरवा. त्यांनी साडेदहा म्हटलं आणि तुम्ही दहा, तर सव्वादहावर या. सामोपचाराने ठरलेले सव्वादहा, लादलेल्या साडेनऊपेक्षा जास्त टिकतात. दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट द्यायचं असेल तर सूट कशी मागायची, तेही तेव्हाच ठरवा.

आणि रात्री एक वेळ तुमच्याही फोनला लावा. मुलाचं नेट दहाला बंद आणि बाबा साडेअकरापर्यंत रील्स बघतायत, हे मुलांना दिसतं. त्यावर तुमच्याकडे उत्तर नसतं.

काही राउटर कुठल्या साइट्स बघितल्या याची यादीही देतात. तिथे जपून. दुसरीतल्या मुलीच्या बाबतीत ती यादी बघण्यात गैर काही नाही. पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी मात्र आपल्या शरीराबद्दल, पाळीबद्दल, भीतीबद्दल काहीतरी शोधत असते, जे तुम्हाला विचारायला तिला लाज वाटते. ते तुम्ही रात्री राउटरवर वाचून सकाळी चहाच्या वेळी काढलंत, तर ती पुन्हा तिथे शोधणार नाही. ती मैत्रिणीच्या फोनवर शोधेल, जिथे कुठलीच गाळणी नसेल. यादी बघणार असाल तर तसं आधी सांगा. बघणार नसाल तर ती नोंद बंद करा. गाळणीने एखादी आरोग्याची किंवा अभ्यासाची साइट चुकून अडवली, तर मुलांनी निःसंकोच सांगावं आणि तुम्ही ती उघडून द्यावी, एवढं ठरलेलं असू द्या.

काही वाईट घडलंच तर

सगळं लावूनही कधीतरी मुलाला नको ते दिसेल, किंवा कुणीतरी त्रास देईल. कुणी फोटो मागेल, फोटो पसरवायची धमकी देईल, गेममध्ये पैसे उकळेल. अशा वेळी मूल तुमच्याकडे येतं की नाही, यावर सगळं अवलंबून असतं.

मुलं का येत नाहीत? बहुतेकदा एकाच भीतीने. 'सांगितलं तर फोन काढून घेतील.' म्हणून आजच, काही घडलेलं नसताना, स्पष्ट सांगून ठेवा की असं काही सांगितल्याबद्दल नेट बंद होणार नाही. राउटरचं बटण शिक्षा म्हणून वापरू नका. गणितात मार्क कमी पडले म्हणून वायफाय बंद, असं एकदा झालं की ते बटण मुलांच्या मनात छडी होतं. मग छडीपासून लपवायच्या गोष्टी वाढत जातात.

प्रसंग आलाच तर मेसेज पुसू नका. स्क्रीनशॉट घ्या, त्या माणसाचं खातं आणि वेळ लिहून ठेवा, मग ब्लॉक करा. पैसे देऊ नका. १९३० हा सायबर गुन्ह्यांसाठीचा राष्ट्रीय क्रमांक आहे, आर्थिक फसवणूक झाली असेल तर तिथे लगेच फोन करा. इतर तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी साइटवर नोंदवता येते. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८. हे दोन्ही क्रमांक भारतात कुठूनही लागतात, म्हणजे तुम्ही महाराष्ट्राबाहेर असलात तरी चालतात. मोठ्या मुलांना १०९८ स्वतःला माहीत असू द्या. कधी कधी आई-बाबांना सांगण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी सांगावंसं वाटतं, आणि त्यातही काही चूक नाही.

या आठवड्यात काय करायचं

सगळं एका दिवशी करायला जाऊ नका. पहिल्या दिवशी ॲडमिन पासवर्ड बदला, घड्याळ भारतीय वेळेवर लावा आणि कंपनीचं लॉगिन वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी उपकरणांना नावं द्या. शनिवारी मुलांबरोबर बसून वेळ ठरवा आणि ती लावा. रविवारी डीएनएस बदला, दोन्ही पद्धतींचे रकाने भरा, चाचणीची साइट उघडून बघा. मग पंधरा दिवस काहीही बदलू नका. पंधरा दिवसांनी मुलांनाच विचारा, काय जमतंय आणि कुठे अडतंय.

दर वर्षी शाळा सुरू होताना या वेळा पुन्हा बघा. सहावीतल्या मुलाला लावलेला नियम नववीत तसाच ठेवायचा नसतो. एकेक कुलूप काढत जायचं असतं. अठराव्या वर्षी तो शिकायला दुसऱ्या शहरात जाईल, तेव्हा होस्टेलच्या खोलीत तुमचा राउटर नसणार. रात्री दहानंतर फोन बाजूला ठेवायची सवय तेवढी त्याच्याबरोबर जाईल, आणि ती लागायला घरातली ही काही वर्षंच आपल्या हातात आहेत.

राउटरवर कुठला रकाना सापडला नाही, तर त्याच्या खालच्या स्टिकरवरचा मॉडेल क्रमांक टाकून शोधा, त्या मॉडेलची माहिती बहुधा मिळते. पुढच्या भागात घरातल्या जुन्या फोनचं काय करायचं ते बघू.